वाचकांचे प्रश्न: फ्रेन्झी प्लँट आणि त्यानंतरची रिकामी फेरी

मागच्या अंकात पोकेमॉनमधल्या ग्रास टाइपच्या स्टार्टरांवर लिहिलं, तेव्हा फ्रेन्झी प्लँटचा उल्लेख एका ओळीत उरकला होता. सगळ्यात जास्त पत्रं त्या एका ओळीवरच आली. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्याच मूव्हला.

हा खेळ कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोकेमॉनच्या लढाईत दर फेरीला दोन्ही बाजू एकेक मूव्ह, म्हणजे डाव वापरतात. प्रत्येक पोकेमॉनचा आणि मूव्हचा एक टाइप, म्हणजे प्रकार असतो: ग्रास, फायर, वॉटर वगैरे. खेळाच्या सुरुवातीला मिळणारा पहिला पोकेमॉन तो स्टार्टर. बल्बासॉर हा असाच एक ग्रास स्टार्टर, आणि व्हीनसॉर हे त्याचं वाढून झालेलं शेवटचं रूप. फ्रेन्झी प्लँट ही झाडांच्या ताकदीची मूव्ह. जमीन फाडून जाडजूड मुळं वर उसळतात आणि समोरच्याला ठेचून काढतात. २००४ साली जपानमध्ये आलेल्या फायररेड आणि लीफग्रीन या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवरच्या खेळांत ती पहिल्यांदा शिकता आली. ताकद १५०, अचूकता ९० टक्के, पीपी ५, म्हणजे पाच वापरांत संपते. आणि ती लागली की पुढची अख्खी फेरी मारणाऱ्याने गप्प बसायचं. आलेली जवळजवळ सगळी पत्रं या शेवटच्या अटीभोवतीच फिरतात.

ताई, दादाच्या जुन्या गेमबॉयवर लीफग्रीन खेळतोय. टू आयलंडवर केप ब्रिंकला एक आजी राहते, ती फ्रेन्झी प्लँट शिकवते असं दादा म्हणाला. मी गेलो तर ती शिकवतच नाही! माझा व्हीनसॉर लेव्हल ६० चा आहे. काय चुकतंय? (सांगली, इयत्ता नववी)

लेव्हलमध्ये काही कमी नाही रे. आजी लेव्हल बघतच नाही, ती मैत्री बघते. प्रत्येक पोकेमॉनच्या मागे खेळ एक आकडा लपवून ठेवतो, तो ० पासून २५५ पर्यंत जातो. स्टार्टरची सुरुवात ७० पासून होते. आजीला तो आकडा भरलेला लागतो, आणि व्हीनसॉर तुझ्या चमूत पहिल्या जागेवर उभा असावा लागतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर असेल तर मैत्री कितीही असली तरी उपयोग नाही. ते आधी तपास.

आता मैत्री कशी वाढवायची ते सांगते. सगळ्यात सोपं म्हणजे त्याला चमूत ठेवून चालत राहायचं. बॉक्समध्ये पडलेल्या पोकेमॉनला तुझ्या चालण्याचा काही लाभ नाही. लेव्हल वाढली की मैत्री वाढते. प्रोटीन, आयर्न, कॅल्शियम अशी टॉनिकं दिली की वाढते. पॅलेट टाउनमध्ये तुझ्या प्रतिस्पर्ध्याची बहीण डेझी पोकेमॉनचे लाड करते, तिच्याकडे अधूनमधून चक्कर टाक. आणि दोन गोष्टी टाळ. लढाईत तो बेशुद्ध पडला की मैत्री उतरते, आणि स्वस्तात मिळणारी कडू पावडर किंवा मुळी औषध म्हणून दिली तर आणखीच उतरते. लेव्हल ६० पर्यंत पोचूनही आजी नाही म्हणते, याचा अर्थ वाटेत त्याने बराच मार खाल्लेला असणार. आता थोडे दिवस त्याला सोप्या लढाया दे, पडू देऊ नकोस.

मला ही अट मनापासून आवडते. सगळ्यात दणदणीत मूव्ह पैशाने दुकानात मिळत नाही, जिम जिंकून मिळत नाही. ती त्यालाच मिळते ज्याने पहिल्या दिवशी घेतलेला पोकेमॉन शेवटपर्यंत सोबत ठेवला. पुढे सिनो प्रदेशाच्या खेळांत २२८ नंबरच्या रस्त्यावर ती शिकवणारा आहे. २०२२ च्या स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये मात्र ती टीएमच्या, म्हणजे मूव्ह शिकवणाऱ्या वस्तूच्या रूपात यंत्रावर बनवून घेता येते. सोय झाली, हे खरं. पण केप ब्रिंकच्या आजीसमोर उभं राहण्यात जे होतं ते टीएममध्ये नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

१५० ताकदीची मूव्ह असूनही स्पर्धेत खेळणारे फ्रेन्झी प्लँट ठेवत नाहीत, उलट गिगा ड्रेनसारखी ७५ ची मूव्ह ठेवतात. यामागचं गणित काय? (पुणे, सॉफ्टवेअर अभियंता)

हा प्रश्न आला म्हणून हे सदर लिहायचा उत्साह दुप्पट झाला. वाणिज्य शाखेच्या मुलांना मी रोज हिशेब शिकवते, आणि फ्रेन्झी प्लँट हे जमाखर्चाचं असं उदाहरण आहे की ते फळ्यावर मांडायचा मोह मला कितीदा आवरावा लागतो.

एका फेरीचा हिशेब करू नका, दोन फेऱ्यांचा करा. कारण फ्रेन्झी प्लँट ही मुळात दोन फेऱ्यांची मूव्ह आहे. पहिल्या फेरीत १५०, दुसऱ्या फेरीत शून्य. दोन फेऱ्यांची बेरीज १५०. आता गिगा ड्रेन घ्या. खेळांच्या पाचव्या पिढीपासून तिची ताकद ७५ आहे. पहिल्या फेरीत ७५, दुसऱ्या फेरीत ७५, बेरीज १५०. म्हणजे बरोबरी. पण गिगा ड्रेन जेवढं नुकसान करते त्याच्या निम्मं मारणाऱ्याच्या अंगात परत येतं. शिवाय तिची अचूकता १०० टक्के आहे आणि फ्रेन्झी प्लँटची ९०. दहातला एक वार हवेत जाणार हे धरलं तर १५० चे सरासरी १३५ उरतात. एनर्जी बॉल आज ९० ची आहे, दोन फेऱ्यांत १८०. स्वतःच्याच टाइपची मूव्ह वापरल्याबद्दल मिळणारी दीडपट तिघींनाही सारखीच लागू होते, त्यामुळे तिने क्रम बदलत नाही.

इथपर्यंत नुसता आकड्यांचा भाग झाला. खरा खर्च पुढे आहे. रिकाम्या फेरीत तुमचा पोकेमॉन हल्ला तर करू शकत नाहीच, तुम्ही त्याला मागेही घेऊ शकत नाही. तो मैदानात खिळून उभा. समोरच्याला हे ठाऊक असतं. मग तो त्या फेरीत काय करतो ते बघा. स्वॉर्ड्स डान्स मारून स्वतःचा हल्ला दुप्पट करून घेतो. जखमी असेल तर बरा होतो. किंवा निवांतपणे फायर टाइपचा पोकेमॉन आत आणतो, कारण आत येताना त्याला मार बसायची धास्तीच नसते. म्हणजे तुम्ही एका फेरीत १५० चा वार केला आणि प्रतिस्पर्ध्याला एक अख्खी फेरी फुकट देऊन टाकली. वरच्या पातळीवर खेळणाऱ्यांना फुकटची फेरी ही १५० पेक्षा मोठी वस्तू वाटते, आणि त्यांचं बरोबर आहे.

त्यात ग्रास टाइपची आणखी एक अडचण. फायर, ग्रास, पॉयझन, फ्लाइंग, बग, ड्रॅगन आणि स्टील, इतक्या सगळ्यांवर ग्रासचा वार निम्म्यावर येतो. एवढ्या टाइपांपुढे हात टेकणारी दुसरी मूव्ह म्हणजे बगची, बाकी कोणी नाही. निम्म्यावर आलेला १५० म्हणजे ७५, आणि वर एक फेरी गेली.

मग ही मूव्ह कधी वापरायची? तीन प्रसंग सांगते, आणि तिन्हींत एकच तत्त्व आहे: जिथे पुढच्या फेरीला किंमतच उरलेली नाही तिथे.

समोरच्याचा शेवटचा पोकेमॉन उरला आहे आणि फ्रेन्झी प्लँटने तो पडणार याची खात्री आहे. लढाईच संपली, तर विश्रांती कोण मोजतो?

दुसरा प्रसंग मला सगळ्यात देखणा वाटतो. ग्रास स्टार्टरांकडे ओव्हरग्रो नावाची क्षमता असते. एचपी, म्हणजे अंगातला जीव, एक तृतीयांशावर किंवा त्याखाली आला की ग्रासच्या मूव्हची ताकद दीडपट होते. दीडशेची दीडपट सव्वादोनशे, त्यावर स्वतःच्या टाइपची दीडपट, झाले जवळजवळ ३३८. आता विचार करा, तुमचा व्हीनसॉर असाही पुढच्या वाराला पडणारच आहे. त्याला पुढची फेरी मिळणारच नाही. मग ती फेरी गहाण टाकायला काय हरकत आहे? अशा वेळी फ्रेन्झी प्लँट फुकट मिळते. जाता जाता समोरच्याचं सगळ्यात मोठं खोड उपटून जायचं. पुस्तकात वाचून हे पटत नाही, एकदा स्वतःच्या हाताने करून बघा.

तिसरा प्रसंग दुहेरी लढाईतला, जिथे जोडीदार ती रिकामी फेरी सांभाळून घेतो. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

माझा मोठा भाऊ म्हणतो की समोरचा पोकेमॉन पडला तर विश्रांतीची फेरी लागत नाही. मी करून पाहिलं तर लागली. कोण खरं? (अमरावती)

तुमचा भाऊ खोटं बोलत नाही, तो जुन्या खेळाबद्दल बोलतोय. पहिल्या पिढीत, म्हणजे रेड, ब्लू आणि यलोमध्ये, हायपर बीम या मूव्हने समोरचा पडला तर खरोखरच विश्रांती माफ होती. त्यामुळे त्या काळी जो तो हायपर बीम घेऊन फिरायचा. दुसऱ्या पिढीपासून ती सवलत बंद झाली. फ्रेन्झी प्लँटचा जन्मच तिसऱ्या पिढीतला, तिला ती सवलत कधी नव्हतीच. मात्र वार चुकला, किंवा समोरच्याने प्रोटेक्ट लावून तो अडवला, तर विश्रांती लागत नाही. वार गेल्याचं दुःख तेवढं असतं.

व्हीनसॉरला सोलर बीम द्यावी की फ्रेन्झी प्लँट? दोन्हींत एक फेरी वायाच जाते ना? (कल्याण)

जाते, पण कुठली जाते त्यात फरक आहे. सोलर बीम आधी ऊन गोळा करते आणि दुसऱ्या फेरीत मारते. १२० ताकद, १०० टक्के अचूकता, पीपी १०. फ्रेन्झी प्लँट आधी मारते आणि मग दमते. सोलर बीमची फेरी आधी जात असल्याने समोरच्याला कळतं की काय येतंय, आणि तो पोकेमॉन बदलून मोकळा होतो. त्या दृष्टीने फ्रेन्झी प्लँट सरस, कारण वार तरी पदरात पडतो.

पण सोलर बीमला एक पळवाट आहे आणि ती फार मोठी आहे. सनी डे वापरून मैदानात कडक ऊन पाडलं की दुसऱ्या पिढीपासून सोलर बीम थांबत नाही, त्याच फेरीत मारते. व्हीनसॉरची क्लोरोफिल ही लपलेली क्षमता असेल तर उन्हात त्याचा वेग दुप्पट होतो. म्हणजे एक फेरी उन्हासाठी घातली की पुढच्या फेऱ्यांत १२० चे वार, कुठल्याही विश्रांतीशिवाय, आणि बहुतेकांच्या आधी. शिवाय ग्रोथ ही मूव्ह उन्हात हल्ला दोन पायऱ्यांनी वाढवते. उन्हाची आखणी असेल तर सोलर बीम, यात मला जराही शंका नाही. पाऊस किंवा वाळूचं वादळ असेल तर मात्र तिची ताकद निम्मी होते, तेव्हा तिच्या नादी लागू नका.

आखणी नसेल, गोष्टीचा प्रवास चालू असेल आणि मधूनच एखादा राक्षसी ऱ्हायडन समोर उभा राहिला, तर फ्रेन्झी प्लँट हाताशी असावी. तशी ऱ्हायडनला रेझर लीफही पुरते. ग्राउंड आणि रॉक दोन्ही टाइप असल्याने ग्रासचा वार त्याच्यावर चौपट बसतो.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. पोकेमॉन गो खेळतो. परीक्षेमुळे त्याचा कम्युनिटी डे हुकला आणि आता व्हीनसॉरला फ्रेन्झी प्लँट मिळत नाही म्हणून रडकुंडीला आलाय. पैसे भरून घेऊया म्हणतो. हे नक्की काय आहे, आणि खरंच एवढं महत्त्वाचं आहे का? (नाशिक, एक आई)

तुमच्या मुलाचं रडणं मी हसण्यावारी नेणार नाही. त्या खेळात ही मूव्ह खरोखरच महत्त्वाची आहे, आणि का ते समजलं तर तुम्हालाही त्याच्याशी बोलता येईल.

पोकेमॉन गो म्हणजे फोनवरचा, रस्त्याने चालत खेळायचा खेळ. भारतात तो डिसेंबर २०१६ मध्ये अधिकृतपणे आला. त्यात कम्युनिटी डे नावाचे ठरावीक दिवस असतात. त्या दिवशी एक पोकेमॉन ढिगाने दिसतो, आणि ठरलेल्या तासांत त्याला शेवटच्या रूपात विकसित केलं की एक खास मूव्ह मिळते. २५ मार्च २०१८ ला बल्बासॉरचा दिवस होता, तेव्हा व्हीनसॉरला फ्रेन्झी प्लँट मिळाली. एरवी विकसित केला तर मिळत नाही. पुढे चिकोरिटा, ट्रीको, टर्टविग, स्नायव्ही असे एकेक ग्रास स्टार्टर त्याच वाटेने आले.

आणि इथे गंमत अशी की मूळ खेळात जी मूव्ह जाणकार टाळतात, तीच या खेळात व्हीनसॉरची सगळ्यात चांगली मूव्ह आहे. कारण गोमध्ये विश्रांतीची फेरीच नाही. किंमत दुसऱ्या तऱ्हेने मोजावी लागते. व्हीनसॉर आधी व्हाइन व्हिपचे छोटे फटके मारत राहतो, प्रत्येक फटक्यात ८ ऊर्जा जमते. फ्रेन्झी प्लँटला खेळाडूंमधल्या लढाईत ४५ ऊर्जा लागते आणि ताकद १०० आहे. सहा फटक्यांत ४८ झाली, मूव्ह मारली, ३ शिल्लक. पुन्हा सहा फटके, ५१ झाली, मारली, ६ शिल्लक. तिसऱ्या वेळी पाचच फटक्यांत ४६ भरते. एक फटका एका सेकंदाचा. म्हणजे पाच-सहा सेकंदांना एक जबरदस्त वार.

त्याशेजारी त्याची सोलर बीम ठेवा. ताकद १५०, पण ऊर्जा ८०. दहा फटके. तोपर्यंत समोरच्याने कधीच उडवलेला असतो. आणि समोरच्याकडे दोन ढाली असतात. दहा सेकंद जमवलेला वार ढालीवर आपटून वाया गेला तर हाती काही राहत नाही. सहा सेकंदांचा गेला तर लगेच दुसरा तयार होतो. (हे आकडे बनवणारे हंगामागणिक बदलतात, तेव्हा मुलाला ताजे आकडे तपासायला सांगा. त्याला ते आवडेल.)

आता पैशांचं. एलिट चार्ज्ड टीएम नावाची एक वस्तू आहे, तिने हुकलेली खास मूव्ह नंतरही देता येते. ती सहज मिळत नाही आणि काही वेळा विकतच्या पेटीत येते. माझा सल्ला आहे की एवढ्यासाठी पैसे घालू नका. बल्बासॉरचा दिवस जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा झाला होता. ज्या पोकेमॉनचे दिवस त्या वर्षी झाले त्यांच्या मूव्ह डिसेंबरच्या खास दिवसांत परत मिळण्याची पद्धतही आहे. मुलाला इतकंच सांगा की नवा चांगला बल्बासॉर मिळाला तर त्याला २५ कँडी घालून आयव्हीसॉर कर आणि तिथेच थांब. १०० कँडी बाजूला ठेव. व्हीनसॉर करायचा तो फक्त त्या दिवशी, त्या तासांत.

अकरा वर्षांच्या मुलाला शंभर कँडी जमवून हात आवरून बसणं सोपं नाही. तुम्ही त्याच्या शेजारी बसून ती ८, १६, २४ ची उजळणी त्याच्याकडून करून घ्या. खेळाबद्दल आईने विचारलं याचा त्याला जो आनंद होईल तो कुठल्याही मूव्हहून मोठा असेल. आणि हो, परीक्षेसाठी त्याने तो दिवस सोडला ना? त्याबद्दल त्याला माझी शाबासकी सांगा.

जमिनीतून मुळं उसळतात हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कितपत बरोबर? व्हीनसॉरच्या पाठीवरचं फूल रॅफ्लेसियासारखं दिसतं, म्हणून विचारते. (दापोली, कृषी पदवीची विद्यार्थिनी)

तुझं निरीक्षण अचूक आहे. ते लालसर, ठिपक्यांचं, जाड पाकळ्यांचं फूल रॅफ्लेसियाची आठवण करून देतं. सुमात्रा, बोर्निओच्या जंगलांत उमलणारं, मीटरभर रुंद होऊ शकणारं फूल. पण मुळांचा प्रश्न आला की घोटाळा होतो, कारण रॅफ्लेसियाला मुळं नसतातच. खोड नाही, पानं नाहीत. एका रानवेलीच्या आत ती दोऱ्यांसारखी पसरून राहते, अन्न त्या वेलीचं खाते, आणि बाहेर येतं ते फक्त फूल. व्हीनसॉर तसा आयतोबा नाही. खेळातल्या नोंदींत म्हटलंय की भरपूर पोषण आणि ऊन मिळालं तर त्याचं फूल रंगांनी खुलतं. स्वतःचं अन्न तो स्वतः करतो.

मुळांच्या ताकदीबद्दल मात्र खेळ फार खोटं बोलत नाही. टोकाच्या पेशी पाण्याने फुगून दगडाच्या फटीत शिरतात आणि मूळ जाड होत गेलं की फट रुंदावते. जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ रुजलेला तू पाहिला असशीलच. खेळाने त्या कामातली वर्षं काढून टाकली आणि सगळं दोन सेकंदांत आणून ठेवलं, एवढाच फरक. ते दृश्य बघायचं असेल तर पोकेमॉनच्या मालिकेत कालोस लीग या स्पर्धेत सॉयर या खेळाडूचा मेगा सेप्टाइल (ट्रीकोच्या शेवटच्या रूपाचा आणखी ताकदवान अवतार) अ‍ॅशच्या ग्रेनिन्जाविरुद्ध ही मूव्ह वापरतो, ती लढत बघ. मैदानाची पार दैना होते.

ऑडिश, बेलस्प्राउट यांना फ्रेन्झी प्लँट शिकवता येते का? (लातूर)

नाही. ती ग्रास टाइपच्या स्टार्टरांच्या शेवटच्या रूपांपुरतीच राखलेली आहे. फायर स्टार्टरांसाठी ब्लास्ट बर्न आणि वॉटर स्टार्टरांसाठी हायड्रो कॅनन, या तिच्या दोन बहिणी. आकडे तेच, अट तीच. एक अपवाद स्मीअर्गलचा. तो स्केच मूव्हने समोरच्याची मूव्ह उतरवून घेतो, त्यामुळे त्याच्याकडे काहीही सापडू शकतं.

माझ्याकडे टॉर्टेरा आहे आणि मित्राकडे सेप्टाइल. दोघांनी फ्रेन्झी प्लँट शिकवली, पण मित्राची जास्त जोरात लागते. टॉर्टेरा तर केवढा मोठा आहे! असं का? (रत्नागिरी, इयत्ता सातवी)

कारण फ्रेन्झी प्लँट अंगाच्या ताकदीने चालत नाही. खेळात दोन तऱ्हेचे हल्ले असतात, अंगाने मारायचे आणि विशेष शक्तीने मारायचे. दोन्हींना वेगवेगळे आकडे असतात. फ्रेन्झी प्लँट विशेष शक्तीची मूव्ह आहे. सेप्टाइलची विशेष शक्ती मुळात १०५, तुझ्या टॉर्टेराची, म्हणजे टर्टविगच्या शेवटच्या रूपाची, ७५. पण टॉर्टेराची अंगची ताकद १०९ आहे आणि तुझ्या मित्राच्या सेप्टाइलची ८५. म्हणजे तुझा टॉर्टेरा कमी नाही, त्याच्या हातात चुकीचं हत्यार दिलंय.

चेसनॉट आणि रिलाबूम या ग्रास स्टार्टरांचंही असंच आहे. रिलाबूमची अंगची ताकद १२५ आणि विशेष शक्ती फक्त ६०, त्याला फ्रेन्झी प्लँट शिकवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. व्हीनसॉर १००, डेसिड्युआय १००, यांना ती शोभते. सर्पेरियरची विशेष शक्ती ७५ च, पण त्याची लपलेली क्षमता असेल तर लीफ स्टॉर्म मारल्यावर शक्ती घटण्याऐवजी दर वेळी दोन पायऱ्या वाढते, मग त्याला फ्रेन्झी प्लँटची गरजच काय?

तू टॉर्टेराला वुड हॅमर दे. ताकद १२०, अचूकता १०० टक्के, अंगाच्या ताकदीची, आणि रिकामी फेरी नाही. मारल्यावर थोडा मार त्याला स्वतःलाही बसतो, केलेल्या नुकसानाच्या एक तृतीयांश, पण टॉर्टेरा दणकट आहे, सोसेल. ग्रॉटलचा (टर्टविगचं मधलं रूप) टॉर्टेरा होताना त्याला अर्थक्वेक शिकता येते, ती विसरवली असशील तर परत शिकव. या दोन मूव्ह घेऊन मित्राशी पुन्हा लढ. सेप्टाइल ग्रास टाइपचा आहे, दोन्ही वार त्याच्यावर निम्मेच बसतील, म्हणून तिसऱ्या जागी क्रंच ठेव. आणि तो आधी मारणार हे धरूनच चाल, सेप्टाइलचा वेग १२० आहे, तुझा ५६. त्याने फ्रेन्झी प्लँट मारली की तुझ्यावर ती पूर्ण ताकदीने बसेल, कारण टॉर्टेरा ग्रासबरोबर ग्राउंड टाइपचाही आहे, पण ती सोसलीस तर पुढच्या फेरीला तो खिळलेला असेल. त्या फेरीत क्रंच मार.